आजीचं गाणं टाकायच्या आधी

अरे,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. आजीच्या गाण्याचं रील एवढं चाललं म्हणून तू हवेत आहेस, कळलं, तुझ्या वयात मी पण असते. पण पुढचं टाकायच्या आधी हे वाच. लांबलंय, चर्चगेटपर्यंत पुरेल.

आधी माझी फजिती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी डहाणूकडच्या एका पाड्यावर मी एका धवलेरी बाईंचं, म्हणजे वारल्यांत गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या बाईंचं गाणं रेकॉर्ड केलेलं, लग्नात भिंतीवर देवीचा चौक लिहितात, म्हणजे चितारतात, तेव्हाचं. रीतसर विचारलं, बाई म्हणाल्या घे, मी खूश, आणि घरी येऊन नेटवर टाकलं. पुढे कोणीतरी त्याच्याखाली बीट्स घालून ते कसल्याशा जाहिरातीला लावलं आणि बाईंच्या नातवाने त्यांना ते मोबाईलवर दाखवलं. मी परत गेले तेव्हा त्या चिडल्या वगैरे नाहीत, एवढंच म्हणाल्या, पालघट देवीला, लग्नाच्या देवीला बोलावलंस, मग लग्न कोणाचं लागलं? काय बोलणार मी. त्यांचं 'घे' म्हणजे तू ने, तू ऐक, असं होतं, आणि मी त्याचा अर्थ गावभर वाट असा लावला.

तू म्हणशील माझीच आजी, मी स्वतः वारली, मला काय विचारायचं. अरे म्हणूनच जास्त विचारायचं. मी बाहेरची, माझ्यावर लोक रागावून मोकळे होतील, तुला तर रोज त्याच पाड्यात राहायचंय. आणि ते गाणं आजीनं कोणाच्या तरी मागे म्हणत म्हणतच शिकलंय ना, म्हणजे एकटीचं नाही. आरेतल्या तुमच्या पाड्यातल्या अजून दोघी-तिघी म्हाताऱ्यांना बसव, चहा कर, रेकॉर्डिंग ऐकव आणि मग विचार की हे घरात ठेवू, पाड्याच्या ग्रुपवर टाकू, का सगळ्यांना ऐकू दे. दर वेळी नव्याने विचार, एकदा हो म्हणाली म्हणजे कायमचं हो नसतं. त्यात नेटवर क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स, म्हणजे कोणीही अटी पाळून वापरा अशी परवानगी, लावून काही दिलंस तर ते नंतर मागे घेता येत नाही, हे तिला साध्या भाषेत सांग. वारली चित्रांना २०१४ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालं, पण त्यानं राखलं जातं ते चित्रांचं नाव, गाण्याला त्याचा काही उपयोग नाही.

दुसरं, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही सगळे गाण्यांच्या आणि तारप्याच्या, त्या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या मागे, कारण ते दिसायला छान. पण भाषा काय फक्त लग्नात बोलतात? आजी शेजारणीशी भांडते कशी, कोंबड्यांना काय म्हणून हाकलते, पहिल्या पावसानंतर शेवळं, लोत, कवळा या रानभाज्या आणायला जाताना वाट कशी सांगते, शेवळाची खाज कशी घालवते, हे घे. इकडे रेवदंड्याच्या पलीकडे कोर्लईला पोर्तुगीज मिसळलेली बोली अजून आहे, बोलणारे जेमतेम हजारभर, तरी पोर्तुगीज गेल्यावर पावणेतीनशेच्या वर वर्षं ती टिकली ती गाण्यांवर नाही, घरात आणि वाडीत रोज बोलली म्हणून.

आणि कॅप्शनमध्ये ते 'मरणारी भाषा', 'शेवटची पिढी' काढून टाक बघू. आजी समोर बसून जेवतेय आणि तू तिची श्रद्धांजली लिहितोयस! २०१० मध्ये अंदमानात बोआ सीनियर गेल्या, बो भाषा बोलणारं शेवटचं माणूस, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. त्यांचा आवाज आज ऐकता येतो तो भाषातज्ज्ञ अन्विता अब्बींनी त्या हयात असताना जवळ बसून रेकॉर्ड केला म्हणून. कोणी बघत नसताना केलेलं काम ते, व्ह्यूज नव्हते त्याला.

बाकी बारीकसारीक. पंखा बंद कर, पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर नको करू. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला आवाज मूळ म्हणून ठेवू नकोस, तो दाबला जातो, न दाबलेली वेव्ह फाइल ठेव आणि एक कॉपी दुसऱ्याच्या घरी. सुरुवातीला तारीख, जागा, कोण बोलतंय ते तूच बोल. लिहून काढताना कानाला जसं आलं तसंच देवनागरीत लिही, कॉलेजातलं शुद्ध मराठी तिच्या तोंडी घालू नकोस, मराठी अर्थ वेगळा खाली दे. नाव द्यायचं का तेही तिलाच विचार, काहींना आवडतं, काहींना अजिबात नाही.

ते रील आत्ता काढायचं की नाही हे मी सांगणार नाही, आजीला विचार.

रविवारी अकरा वाजता गोरेगाव ईस्टला बस स्टॉपवर ये, माझा जुना रेकॉर्डर देते. सेल तू आण, आणि आजीला सांग, मागच्या वेळची शेवळाची भाजी अजून लक्षात आहे.

तुझी,
ताई