एटीकेटी हा विद्यार्थ्याचा प्रकार मानावा का?

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो आणि ठाण्यातील एका महाविद्यालयात बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयासाठी शैक्षणिक नोंदींचे डेस्कटॉप ॲप्लिकेशन जावा आणि स्विंगमध्ये (जावाची खिडक्या-बटणे बनवण्याची लायब्ररी) करत आहे. ‘विद्यार्थी’ या क्लासपासून (म्हणजे माहितीच्या साच्यापासून) ‘नियमित विद्यार्थी’ आणि ‘एटीकेटी विद्यार्थी’ (काही विषय राहूनही पुढे शिकण्याची मुभा मिळालेला) असे दोन सबक्लास केले आहेत, कारण मार्गदर्शकांना इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासचे गुणधर्म दुसऱ्याने घेणे, दिसायला हवे आहे. गुण विद्यार्थ्याच्या क्लासमध्येच ठेवले असून सर्व ऑब्जेक्ट (क्लासवरून तयार झालेल्या प्रत्यक्ष नोंदी) सिरिअलायझेशनने, म्हणजे जसेच्या तसे, फाइलमध्ये साठवतो. कार्यालयात तीन संगणक आहेत. ही रचना टिकेल का?

उत्तर : पहिल्या सत्राचा निकाल लागेपर्यंत टिकेल, त्यानंतर अडेल. जावामध्ये एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही. पहिल्या सत्रात सर्व विषय सुटलेली विद्यार्थिनी दुसऱ्या सत्रात एका विषयात राहिली, तर तिचा जुना ऑब्जेक्ट टाकून दुसऱ्या क्लासचा नवा ऑब्जेक्ट करावा लागेल, सगळी माहिती त्यात उतरवावी लागेल, आणि विषय सुटल्यावर हाच खटाटोप उलट दिशेने करावा लागेल. एटीकेटी ही बदलती स्थिती आहे आणि ती गुणांवरून केव्हाही काढता येते. म्हणून तिच्यासाठी वेगळा क्लास नको.

याहून महत्त्वाचा मुद्दा गुणांचा आहे. अमुक विद्यार्थ्याने अमुक विषयाची परीक्षा अमुक महिन्यात दिली, या घटनेचे ते गुण असतात. त्या घटनेचाच ‘प्रयत्न’ नावाचा क्लास करावा आणि त्यात आसन क्रमांक, परीक्षेचा महिना व वर्ष, अंतर्गत गुण, लेखी गुण आणि स्थिती ठेवावी. पुनर्परीक्षा झाली की नवा प्रयत्न जोडला जाईल. जुना पुसायचा नाही, कारण परदेशी शिक्षणासाठी ट्रान्स्क्रिप्ट मागायला विद्यार्थी काही वर्षांनी कार्यालयात येतो, तेव्हा त्याचा संपूर्ण इतिहास लागू शकतो. स्थितीचे रकाने विचारपूर्वक ठरवावेत : शून्य गुण, गैरहजर आणि अद्याप न भरलेले गुण या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींसाठी शून्य लिहिणारे ॲप्लिकेशन हजर राहिलेल्या मुलालाही गैरहजर ठरवू शकते. पुनर्मूल्यांकनाने गुण बदलले, तर तो बदलही कोणी व केव्हा केला यासह स्वतंत्र नोंद म्हणून राहावा.

मार्गदर्शकांचा इनहेरिटन्सचा आग्रह मला रास्त वाटतो, फक्त त्याची जागा दुसरी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार अभ्यासक्रमांची रचना बदलत असताना कार्यालयाला जुन्या आणि नव्या तुकड्यांचे निकाल एकाच वेळी सांभाळावे लागतात. ‘निकालाचा नियम’ हा इंटरफेस (कोणती कामे करायची एवढेच सांगणारा करार) करून प्रत्येक अभ्यासक्रमासाठी त्याचा वेगळा क्लास लिहावा. उत्तीर्णतेची अट आणि सरासरी काढण्याची रीत त्या क्लासमध्ये राहील. श्रेयांक पद्धतीत प्रत्येक विषयाचे श्रेयांक आणि ग्रेड पॉइंट यांच्या गुणाकारांची बेरीज करून तिला एकूण श्रेयांकांनी भागतात. नियम बदलला तर विद्यार्थ्याच्या क्लासला हात लावावा लागणार नाही, आणि पॉलिमॉर्फिझम (एकच काम प्रत्येक क्लासने आपापल्या रीतीने करणे) गरजेपोटी वापरल्याचे परीक्षकांना दाखवता येईल.

सिरिअलायझेशन सोडून द्यावे. क्लासची आवृत्ती स्वतः जाहीर केली नसेल, तर एखादे फील्ड वाढवताच जुन्या फाइली वाचणे बंद होऊ शकते. त्याऐवजी डेटाबेस वापरावा. त्यांपैकी एसक्यूएलाइट सोपे आहे आणि सगळा डेटा एकाच फाइलमध्ये राहतो. परंतु ती फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवून तीन संगणकांवरून लिहिणे धोक्याचे आहे, कारण नेटवर्कवरील फाइल-लॉकिंग (एक जण लिहीत असताना इतरांना थांबवणे) भरवशाचे नसते. म्हणून एका संगणकावर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर बसवून बाकीचे दोन त्याला जोडावेत. एका संगणकावरच काम होणार असेल तर एसक्यूएलाइट पुरेसे आहे, मात्र त्यात फॉरेन कीची (एका तक्त्यातील नोंद दुसऱ्याशी जोडणाऱ्या दुव्याची) तपासणी मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनला ती चालू करावी लागते. क्वेरी (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) नेहमी पॅरामीटर देऊनच, म्हणजे नाव-गुण अशा किमती आज्ञेपासून वेगळ्या ठेवून, लिहाव्यात. रोमन लिपीतल्या डिसोझा (D'Souza) या आडनावातील ॲपॉस्ट्रॉफीनेही मजकूर थेट जोडून तयार केलेली क्वेरी मोडते.

सादरीकरणासाठी कार्यालयातील खऱ्या विद्यार्थ्यांची नावे आणि गुण वापरू नयेत. काल्पनिक नावांची एक तुकडी तयार करावी, आणि तिच्यात गैरहजर, पुनर्मूल्यांकन झालेला व दोनदा पुनर्परीक्षा दिलेला असे विद्यार्थी मुद्दाम घालावेत.