बॉल पायथनचं पिल्लू घरी आल्यापासून खात नाही. हीट मॅट लावू की बल्ब?

तुमचा प्रश्न हीट मॅटचा, म्हणजे सापाच्या टाकीखाली ठेवायच्या गरम होणाऱ्या चटईचा आहे, पण मला झोंबलं ते त्याखालचं वाक्य: ‘मित्र म्हणतो, आठवडा झाला, आता तोंड उघडून भरव.’ तुमचा मित्र कोण ते मला ठाऊक नाही, पण त्याचा एक सख्खा वाटावा असा भाऊ आमच्या घरात आहे, म्हणून लिहायला बसले.

माझा मावसभाऊ, दादा, माझ्या कितीतरी आधीपासून साप पाळतो. त्यामुळे माझ्याकडे कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाचं पिल्लू आलं तेव्हा त्याने सल्लागारपद स्वतःच घेऊन टाकलं. पिल्लू म्हणजे जेमतेम सात ग्रॅमचं, बुटाच्या लेसएवढं. दादाचा पहिला हुकूम: मोठी काचेची टाकी आण, त्याला मोकळं वाटेल. सापाच्या पिल्लाला मोकळं वाटतं म्हणजे उघड्यावर पडल्यासारखं वाटतं! अंड्यातून बाहेर आल्यापासून ज्याला पक्ष्यापासून दुसऱ्या सापापर्यंत कोणीही गिळू शकतं, त्याला अंगाला सगळीकडून काहीतरी टेकलेलं हवं असतं. टाकी मोठी असली तरी चालते, पण मग ती आडोशांनी खच्चून भरावी लागते. मी सरळ छोटा प्लास्टिकचा टब घेतला, झाकणाला भोकं पाडली, खाली टिशू पेपर, उबदार बाजूला एक आडोसा, थंड बाजूला एक, आणि पाण्याची वाटी. आडोसे दोन लागतातच. एकच असला तर पिल्लाला ऊब आणि लपणं यांतलं एक निवडावं लागतं, आणि ते दर वेळी लपणं निवडतं. मग अंग गार राहतं, आणि गार अंगाने साप खात नाही. खाल्लंच तर पचत नाही.

दादाचा दुसरा हुकूम, रोज हातात घे म्हणजे सवय होईल. नवीन पिल्लाला पहिला आठवडाभर हात लावायचा नाही, खायलाही द्यायचं नाही. पाणी बदला, घाण काढा, झाकण लावा. हे मी दादाला सांगितलं तर म्हणाला, ‘तू पुस्तकं वाचून साप पाळतेस.’ बरं, पाळते.

आठवडा झाल्यावर पहिली पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं, बिनकेसांचं पिल्लू) दिली. नाही खाल्ली. काही दिवस जाऊ दिले, दुसरी दिली, तीही तशीच पडून. झालं, दादा संध्याकाळी चिमटा घेऊन हजर. जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, ‘आण इकडे, दोन मिनिटांचं काम आहे.’ मी टब मांडीवर घेतला आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. आई आत-बाहेर करत होती, तिला वाटलं आम्ही वाटणीवरून भांडतोय. दादाचं म्हणणं एकच, पिल्लू उपाशी मरेल. माझंही एकच, काट्यावर वजन बघ. दर आठवड्याला मी ग्रॅमच्या काट्यावर त्याला त्याच्या आडोशासकट ठेवायचे, मग आडोशाचं वजन वजा करायचे. वजन जागच्या जागी होतं. न खाणारं पण वजन न घटणारं पिल्लू बहुतेक वेळा आजारी नसतं, बिथरलेलं असतं. त्याचं तोंड जबरदस्तीने उघडलंत तर ते आणखी बिथरतं. जबडा नाजूक, अन्ननलिका त्याहून नाजूक, आणि असं घातलेलं भक्ष्य बरेचदा उलटून बाहेर येतं. उलटी झाली की दहा ते चौदा दिवस काही द्यायचं नाही आणि नंतरचा घास आधीपेक्षा लहान द्यायचा. म्हणजे घाईने वाचवलेला आठवडा दुपटीने परत करायचा. दादाच्या स्वतःच्या पायथनच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं, पण तो विषय निघाला की त्याला फोन येतो.

माझं पिल्लू शेवटी असं जेवलं. पिंकी बिनवासाच्या साबणाने धुतली, कोमट केली, तिच्या डोक्याला छोटीशी चीर दिली म्हणजे आतला वास सुटतो (किळस येत असेल तर साप पाळण्याचा पुन्हा विचार करा). पिल्लू आणि पिंकी दोघांना भोकं पाडलेल्या एका छोट्या डब्यात ठेवलं, डबा टबच्या उबदार बाजूला, वर कापड, आणि रात्रभर कोणी फिरकायचं नाही. सकाळी डब्यात फक्त पिल्लू, मधोमध फुगलेलं. दादा म्हणाला, ‘ते तसंही खाणारच होतं.’ अहो, मी दुसरं काय म्हणत होते?

आता तुमच्याकडे येते. तुमचं पिल्लू बॉल पायथन आहे, म्हणजे हट्टीपणात माझ्या कॉर्नचा काका. आधी ज्यांच्याकडून घेतलंत त्यांना विचारा: तिथे ते काय खायचं, माऊस (लहान जातीचा उंदीर) की रॅट (मोठ्या जातीचा), जिवंत की फ्रोझन (मारून गोठवलेलं), शेवटचं कधी खाल्लं. जे तिथे खात होतं तेच आधी द्या, बदल नंतर करा. भक्ष्याची जाडी पिल्लाच्या सगळ्यात जाड भागाएवढी. फ्रोझन असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात धरा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतं. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात, त्यामुळे भक्ष्य नुसतं वितळलेलं असून भागत नाही, अंग जिवंत उंदरासारखं गरम लागलं पाहिजे, विशेषतः डोकं. संध्याकाळनंतर, मंद उजेडात, लांब चिमट्याने आडोशाच्या तोंडाशी धरा. डोळे निळसर धुरकट झाले असतील तर कात टाकेपर्यंत विसरा. आणि जेवायला वेगळ्या डब्यात उचलून नेण्याची पद्धत तुम्ही रोजची करू नका. माझा डब्याचा उपाय अडलेल्या पिल्लासाठी होता. टाकीत भरवलं की साप चावरा होतो, हेही दादाचंच मत, आणि तेही चुकीचं.

हीट मॅट की बल्ब? दोन्ही चालतात, पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरावीक तापमानाला ऊब आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय, दोन्ही नकोत. नुसत्या मॅटने साप भाजू शकतो. उबदार बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २५-२६, ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास. रात्रभर उजेड देणारा बल्ब मात्र नको, ऊब हवी असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर घ्या. बल्ब घेतलात तर ओलावा लवकर उडतो, तेवढं बघा.

हे सगळं लिहिलं ते तब्येतीने धड असलेल्या पिल्लासाठी. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, पाठीचा कणा वर आला, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकातोंडाशी बुडबुडे आहेत, किंवा अंगावर हलणारे किंवा पाण्याच्या वाटीत बुडालेले काळे ठिपके, म्हणजे माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) दिसले, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे जा. क्वचित असं पिल्लू असतं की त्याला हाताने मदत करून भरवावंच लागतं. पण ते डॉक्टरांनी किंवा त्यात मुरलेल्या माणसाने करायचं, आणि फक्त घास दातांत अडकवून सोडून द्यायचा, घशात ढकलायचा नाही. (दादा हे वाचत असशील, तर हा एवढाच मुद्दा तुझा.)

जिवंत उंदीर द्यायची वेळ आलीच, तर पिल्लाबरोबर एकटा सोडून जाऊ नका. डोळे उघडलेला उंदीर सापाला कुरतडतो. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नका. लागोपाठ तीन वेळा नीट खाल्लं की मगच हातात घ्यायला सुरुवात करा, आणि आधी-नंतर हात धुवा, साल्मोनेलासाठी (सापाकडून माणसाला लागू शकणारा, पोट बिघडवणारा जंतू) आणि हाताला उंदराचा वास असला तर बोटासाठी.