रविवारचे जेवण आणि सोमवारचा डबा

ठाण्यात आहार-समुपदेशनाचे काम करताना आई-वडिलांकडून सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार अशी असते : "भरपूर खातो हो, पण अंगाला लागतच नाही." ही तक्रार खोटी नसते, पण बहुतेक वेळा अपुरी असते. वर्तकनगरहून आलेल्या एका माय-लेकांच्या अनुभवातून ते सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा २३ वर्षांचा, महाप्यातल्या एका कंपनीत नोकरीला. उंची १७४ सेंटिमीटर, वजन ५१.५ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) १७. हा आकडा १८.५ च्या खाली असला की वजन कमी मानतात. सगळे बोलणे आईच करत होती आणि तो मान खाली घालून बसला होता. कामावर त्याला 'काडी' म्हणून हाक मारतात आणि त्यामुळे तो भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचेच शर्ट घालतो, हे मला दुसऱ्या भेटीत, आई सोबत नसताना समजले. जाड माणसाला त्याच्या शरीरावरून बोलू नये, एवढे भान आता थोडेफार आले आहे. किडकिडीत माणसाच्या बाबतीत ते अजून आलेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आहाराचे बोलणे सुरू करण्याआधी मी त्याला डॉक्टरांकडे पाठवले. वजन वाढत नसेल, आणि विशेषतः असलेले वजन घटत असेल, तर थायरॉइडचे अतिकार्य, मधुमेह, क्षयरोग किंवा अन्न नीट न शोषले जाण्याचे विकार आधी वगळावे लागतात. त्याचे वजन बारावीपासून तेवढेच होते, घटलेले नव्हते, आणि तपासण्यांतही काही निघाले नाही.

मग त्याला सात दिवस, पोटात जाईल ते सर्व लिहून आणायला सांगितले. सोमवार ते शुक्रवार सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, कारण ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी गाठायची असते. दुपारी डब्यातल्या तीन पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा, घणसोली स्थानकाबाहेर वडापाव, आणि रात्री सव्वादहाला थोडासा वरणभात आणि एखादी पोळी, कारण वडापावाने भूक मारलेली असते. हे सारे मिळून साधारण १६०० कॅलरी होत होत्या. शनिवार-रविवारी मात्र पोहे, मटण, भाकऱ्या, दुपारी गोड, रात्री बाहेरचे, असा आकडा ३००० वर जात होता. आठवड्याची सरासरी काढली तर ती दिवसाला २००० च्या आसपास येते, आणि त्याच्या अंगकाठीला, बैठ्या कामाला, आहे ते वजन टिकवायला साधारण तेवढ्याच लागतात. आई त्याला समोर बसून जेवताना पाहायची ती रविवारी. तिच्या डोळ्यांसमोरचे "भरपूर" खरेच होते. उरलेले पाच दिवस कुणी पाहत नव्हते, आणि अन्न अंगाला लागत नाही असे त्यात काहीच नव्हते.

त्याला रोज ४०० कॅलरी जास्त हव्या होत्या, पण ताटातला ढीग वाढवून हे जमत नाही, कारण अशा माणसाचे पोट लवकर भरते. म्हणून आहे त्याच ताटात ऐवज वाढवला. पोळ्यांना दोन चमचे साजूक तूप, म्हणजे ९० कॅलरी, भाजीत दाण्याचे कूट, ताकाऐवजी दही, सकाळी निघताना बिस्किटांच्या जागी म्हशीच्या दुधाचा एक पेला आणि केळे, म्हणजे सुमारे ३००. मूठभर भाजलेले शेंगदाणे, सुमारे ३० ग्रॅम, त्याच्या बॅगेत गेले. त्यातून १७० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि ते गाडीत उभ्याउभ्याही खाता येतात. वडापाव मी बंद केला नाही, फक्त शुक्रवारपुरता ठेवला. बाकीच्या दिवशी त्या वेळी उकडलेली तीन अंडी. सोमवारी आणि गुरुवारी घरात अंडे चालत नाही, तेव्हा मोड आलेल्या मटकीची उसळ आणि दही.

व्यायामशाळेत कुणीतरी त्याला वजन वाढवणाऱ्या पावडरीचा मोठा डबा घ्यायला लावला होता. मी त्याला डब्यावरचे घटक मोठ्याने वाचायला सांगितले. पहिलाच घटक माल्टोडेक्स्ट्रिन होता, म्हणजे पचायला सोपे असे पिष्ट. ते विष नव्हे, पण त्याने पोट फुगायचे आणि रात्रीचे जेवण जायचे नाही. व्यायाम मात्र मी सोडू दिला नाही, कारण स्नायूंवर भार पडत नसेल तर जादा खाल्लेले मुख्यतः चरबीच्या रूपात साठते. आठवड्यातून तीन दिवस बैठका, जोर आणि वजने, हळूहळू भार वाढवत, मध्ये एक दिवस विश्रांती. आणि दर किलो वजनामागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने, म्हणजे त्याच्यासाठी दिवसाला ७५ ते ८० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नये.

पहिल्या महिन्यात जेमतेम ६०० ग्रॅम वाढले आणि तो खट्टू झाला. दुसऱ्या महिन्यात ताप आला आणि वाढलेले निम्मे गेले. त्या वेळी त्याला फोन करून पुन्हा बोलावून घ्यावे लागले. साडेचार महिन्यांनी काटा ५४.९ वर आला आहे. त्याच्या उंचीला १८.५ चा बीएमआय गाठायला ५६ किलो लागतात, तेव्हा अजून किलोभर बाकी आहे.

काल त्याच्या आईचा फोन आला. श्रावण तोंडावर आला असून त्यांच्या घरी महिनाभर अंडी-मटण शिजत नाही, तर आता काय करायचे, असे त्या काळजीने विचारत होत्या. त्यांना सांगितले : ताई, सोयाबीनच्या वड्या आणा, ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे १५ ग्रॅम प्रथिने असतात, त्या रश्श्यात टाका. एक दिवसाआड पनीर द्या, आणि उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट नेहमीच्या दुप्पट घालून सोबत वाटीभर घट्ट दही वाढा.