आरोप काय होता ते आधी वाच

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधून मॅसॅच्युसेट्सला आलेल्या प्युरिटनांवरचा (इंग्लंडचं चर्च ‘शुद्ध’ करू पाहणारा पंथ) तुझा मसुदा वाचला. ‘धर्मस्वातंत्र्यासाठी आलेले प्युरिटन दुसऱ्यांना का छळू लागले?’ इथे तुझं गाडं रुतलंय. अगं, ते सगळ्यांच्या स्वातंत्र्यासाठी आलेच कुठे होते! आपल्या रीतीचं चर्च उभारायला आले होते. ढोंगी म्हणून मोकळं होता येतं, पण त्याने हाती काही लागत नाही. आरोप काय होता ते वाच.

रॉजर विल्यम्स, १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा झालेला धर्मोपदेशक. राजाच्या सनदेने मूळ रहिवाशांची जमीन आपली होत नाही, असं तो म्हणत होता. बायबलमधल्या दहा आज्ञांतल्या पहिल्या चार, म्हणजे देवभक्तीच्या, मोडल्या तर सरकारने शिक्षा करू नये, हेही. तू या दुसऱ्या मुद्द्यावर चार पानं लिहिलीस आणि जमीन तळटीपेत ढकललीस. असं कसं चालेल?

अ‍ॅन हचिन्सन या बोस्टनमधल्या स्त्रीचे तर तू दोन खटले एकात कालवलेस. नोव्हेंबर १६३७, न्यूटाउन: हे सरकारी न्यायालय. व्हीलराइट या धर्मोपदेशकाच्या राजद्रोही प्रवचनाच्या बाजूने उभी राहिलीस, घरी सभा भरवल्यास, धर्मोपदेशकांची बदनामी केलीस, असे आरोप. पहिल्या दिवशी तिने गव्हर्नर विन्थ्रॉपला पुरून उरून दाखवलं. दुसऱ्या दिवशी देवाने मला थेट साक्षात्कार दिला म्हणाली, आणि तिथेच संपलं. शिक्षा हद्दपारी. मार्च १६३८, बोस्टनचं चर्च: इथे मतांची झडती, शिक्षा बहिष्कार. आरोप वेगळा, शिक्षा वेगळी, शिक्षा देणारे वेगळे.

तारखांचं तर विचारूच नकोस. त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं आणि मार्च हा पहिला महिना. म्हणजे व्हीलराइटच्या प्रवचनाचा ‘११ वा महिना, १६३६’ हा आपला जानेवारी १६३७. तू जानेवारी १६३६ लिहिलंस. व्हीलराइट बोस्टनला उतरला मे १६३६ मध्ये. जहाजातून उतरण्याआधीच प्रवचन?

क्वेकर (धर्मगुरू न मानणारा ख्रिस्ती पंथ) मेरी डायरचंही तेच, आरोप वाच. १ जून १६६० ची फाशी १६५८ च्या कायद्याखाली: हद्दपार केलेला क्वेकर परत आला तर मृत्युदंड. ती परत आली होती.

मी त्यांची वकिली करतेय असं वाटेल तुला. वाटू दे. वर्षानुवर्षं ‘असहिष्णुता’ या एका शब्दावर मीही भागवलं, ते छापूनही गेलं, आता पुसता येत नाही. म्हणून हा हट्ट.

आणि नोव्हेंबर १६३७ चा निःशस्त्रीकरणाचा हुकूम तू गाळलास! हचिन्सन-व्हीलराइटच्या बाजूची ७५ माणसं, त्यांतली ५८ बोस्टनची. बंदुका, तलवारी, बंदुकीची दारू, गोळ्या, वाती, सगळं ३० तारखेच्या आत जमा करायचं, नाहीतर १० पौंड दंड. बोस्टनकरांनी ते कीन नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी आणून द्यायचं होतं. कारणही हुकुमातच आहे: पूर्वी जर्मनीत झालं तसं, साक्षात्काराच्या नावाखाली हे लोक अचानक उठाव करतील. तिसरं प्रकरण तिथून सुरू कर. महिने दुरुस्त करूनच पाठव, तोवर मी उघडणार नाही.

तुझी,
बाई