लोकेशन पाठवलेलं असूनही डिलिव्हरीवाले फोन करून पुन्हा पत्ता का विचारतात?

तुम्ही लिहिलंय की पिन बरोबर टाकलेली असते, पत्ता पूर्ण लिहिलेला असतो, तरी दर पार्सलमागे एक फोन येतोच आणि तुमचं डोकं फिरतं. माझंही फिरायचं. "लोकेशन टाकलंय ना, मग विचारता काय?" असं मी कितीतरी पोरांवर खेकसलेली आहे. मग एका पावसाळ्यात माझ्या घरापासून वीस-पंचवीस फुटांवर हरवलेला एक मुलगा मी वरून बघितला. तेव्हापासून फोन पहिल्या रिंगला उचलते.

मी पुण्यात सदाशिव पेठेत राहते. लग्न होऊन आले तेव्हा इथे वाडा होता, आता चार मजली इमारत आहे. नाव मात्र वाड्याचंच राहिलंय. आमच्या घराचा नंबर चार आकडी, त्यापुढे तिरकी रेघ, त्यापुढे 'ब'. शेजारच्या इमारतीचा नंबर आमच्यापेक्षा शंभरेकाने कमी, आणि समोरच्या घराच्या नंबराचा आमच्याशी काही संबंधच नाही. कारण हे नंबर पेठेतल्या मिळकतींना दिलेले आहेत, रस्त्याला नाहीत. रस्त्याने सरळ चालत गेलं की नंबर चढत जातील, या आशेवर पेठेत घर शोधायला निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत नारायण पेठेत पोचतो. माझी नणंद बंगळूरला असते. तिचा पत्ता म्हणजे अमुक मेन, तमुक क्रॉस, आलेख कागदावर ठिपका द्यावा तसा. ती आमच्या पत्त्याला हसते. हसू दे.

पेठेतला पत्ता नंबरावर चालतच नाही, देवावर चालतो. चिमण्या गणपती, भिकारदास मारुती, खुन्या मुरलीधर, पलीकडे पत्र्या मारुती. देव नसेल तिथे पेरूगेट, जिथे आज ना पेरू ना गेट, किंवा खजिना विहीर, जिच्यातला खजिना माझ्या ओळखीत कोणी पाहिलेला नाही. इथे वाढलेल्याला "चिमण्या गणपतीवरून आत या" एवढं पुरतं. पण पार्सल घेऊन येणारा मुलगा परभणीचा नाहीतर पाटण्याचा असतो, पुण्यात येऊन त्याला दोन महिने झालेले असतात. तो विचारतो, "मॅडम, कौनसा गणपती?" प्रश्न चुकीचा आहे का? पुण्यात हा प्रश्न कोणीही विचारावा.

पत्त्याचा हा घोळ आजचा नाही. एकाच नावाची दहा गावं, दहा लिप्यांतली अक्षरं, त्यातली निम्मी वाचता न येणारी, म्हणून तर टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिनकोड आणला. तो ज्यांनी घडवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, आणि शिवाय संस्कृतातले कवी. मला ही गोष्ट फार आवडते. पहिला आकडा विभागाचा, म्हणून महाराष्ट्र-गोव्याचे पिनकोड ४ ने सुरू होतात, आणि शेवटचे तीन आकडे पत्र वाटणाऱ्या टपाल कार्यालयाचे. म्हणजे पिनकोड पत्राला कार्यालयापर्यंत आणून सोडायचा, तिथून पुढचं पोस्टमनच्या डोक्यात असायचं. आमचे पोस्टमनकाका पाकिटावर नुसतं आडनाव आणि 'सदाशिव पेठ' एवढं असलं तरी आणून द्यायचे, वर "मुलाचा रिझल्ट लागला का?" विचारायचे. आताची लाल थेंबासारखी पिन दिसायला घरापर्यंत आणते, पण पोस्टमनच्या डोक्यातलं ते शेवटचं ज्ञान तिच्यात नसतं. तुम्हाला येणारा फोन त्याच्यासाठी असतो.

बरं, ती पिन तरी जागेवर असते का? मोकळ्या मैदानात उभं राहिलात तर फोनमधला जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. पण तुम्ही पत्ता 'सेव्ह' केला तेव्हा मैदानात नव्हता, बहुतेक सोफ्यावर होता. वर स्लॅब, चहूबाजूंनी भिंती. उपग्रह तिकडे वीस हजार किलोमीटरवर, त्यांचा आधीच क्षीण असलेला सिग्नल घरात पोचतो तो मरगळलेला. मग फोन आजूबाजूच्या वायफायवरून आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. बोळात तर आणखी मजा. दोन्ही बाजूंना उंच इमारती, सिग्नल त्यांच्यावर आपटून उशिरा पोचतो, फोनला वाटतं आपण जरा लांब आहोत, आणि निळा ठिपका शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो. एवढ्यावर थांबत नाही. नकाशाला रस्ता दाखवायचा असतो, म्हणून तो त्या ठिपक्याला जवळचा रस्ता शोधतो. जवळचा म्हणजे सरळ रेषेत जवळचा. मध्ये भिंत आहे का, फाटक कुठल्या बाजूला आहे, हे त्याला बऱ्याचदा ठाऊकच नसतं.

आमच्या मागच्या अंगाला असाच एक बोळ आहे. आमची मागची भिंत त्या बोळाला लागून, पण फाटक पुढच्या रस्त्याला. दोन वर्षांपूर्वी जुलैत, रात्री साडेनऊला, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्याचं लक्षात आलं. मागवल्या. वीस मिनिटांनी फोन.

"मॅडम, मैं लोकेशन पे खडा हूं."

"नही आहे तुम. मी फाटक पे खडी हूं." माझं हिंदी असंच आहे.

"मेरे को तो पहुंच गया दिखा रहा है."

मी वर येऊन मागच्या गॅलरीत गेले. खाली बोळात हा मुलगा, अंगावर रेनकोट, गाडीच्या हँडलला प्लास्टिकच्या पाकिटात फोन, त्या फोनचा उजेड त्याच्या हनुवटीवर. पाकिटावर पाणी साचून नकाशा आपोआप सरकत होता, आणि तो बोटाने पुसत होता की आणखी सरकत होता. त्याचं लक्ष आमच्या भिंतीकडे होतं, जणू तिच्यात दार उगवेल. पुढच्या बाजूला यायचं तर नो एन्ट्रीमुळे सगळा वळसा, पाऊण किलोमीटर तरी. "पुढे आओ, घूम के आओ" असं मी वरून ओरडत होते, आणि तो मान वर करून "कौन पुढे?" विचारत होता. समोरच्या इमारतीतले जोशी खिडकी उघडून बघायला लागले.

तेवढ्यात सासूबाई मागून आल्या. वय एक्क्याऐंशी. हातात कापडी पिशवी आणि सुंभाची दोरी. वाड्याच्या काळात त्या माडीवरून भाजीवाल्याला, पेपरवाल्याला अशीच पिशवी सोडायच्या. ती दोरी इमारत बांधताना फेकली गेली असेल अशी माझी समजूत होती. गॅलरीच्या आणि भिंतीच्या मध्ये दोन-अडीच फुटांची फट आहे, म्हणजे पिशवी सरळ सोडली तर आमच्याच आवारात पडणार. त्यांनी दोरीला घंटेसारखा झोका दिला. पहिल्यांदा पिशवी छज्जाला अडकली. दुसऱ्यांदा भिंतीवर आपटली. तिसऱ्यांदा तो मुलगा गाडीच्या सीटवर उभा राहिला आणि त्याने ती झेलली. गोळ्या टाकल्या, दोरीला दोन हिसके दिले. हिसके द्यायचे हे त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे, त्याच्या गावीही माड्या असतील. वर आलेल्या पिशवीत पावती भिजून लगदा झाली होती.

तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही पेठेत राहत नसाल, मोठ्या सोसायटीत असाल, तरी फोन येणारच. तिथे पिन सोसायटीच्या मधोमध पडते, आणि आत आठ इमारती. शिवाय फाटकावर वॉचमनच्या ॲपमध्ये नोंद, तुमची 'परवानगी', आणि लिफ्टपाशी "डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा" अशी पाटी. त्या पाटीबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहीत नाही. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' काढला आहे, दहा अक्षर-आकड्यांचा, साधारण ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकोनाला एक. कल्पना चांगलीच आहे. पण आमच्या अशा एका चौकोनात खाली झेरॉक्सवाला, त्यावर शिकवणी वर्ग, त्यावर आम्ही, आणि सगळ्यात वर घरमालकांचा तुळशीचा कट्टा. मजला त्यात येत नाही.

फोन कमी व्हावेत म्हणून दोन गोष्टी मी केल्या, त्यांचा खरंच उपयोग झाला. एकदा चप्पल घालून खाली उतरले, फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहिले, आणि तिथे पिन हाताने सरकवून ठेवली. घराची पिन घरात ठेवायचीच नाही, फाटकावर ठेवायची. दुसरं म्हणजे पत्त्यात नंबर, पेठ, गाव हे सगळं असतंच, पण सूचनांच्या रकान्यात मी फक्त शेवटच्या पन्नास पावलांचं लिहिलं: पिठाच्या गिरणीसमोर हिरवं फाटक, आत डावीकडे जिना, दुसरा मजला. 'अमुक हॉस्पिटलजवळ' असं लिहू नका. हॉस्पिटलला दोन फाटकं असतात आणि तो नेमका दुसऱ्यावर उभा असतो.

तरी जुन्या पिनवाली एक-दोन ॲपं राहिली आहेत, त्यांतली मुलं अजून मागच्या बोळातच येतात. त्यांच्यासाठी सासूबाईंच्या सांगण्यावरून मी तिथल्या सूचनांत लिहून टाकलंय: "मागच्या बोळात आलात तर हाक मारा, पिशवी सोडतो." नेहमीच्या दोघा-तिघांना आता ते माहीत झालंय, फोनसुद्धा करत नाहीत, खालून नुसतं "आजीऽऽ" म्हणतात.

गेल्या आठवड्यात मात्र एक नवा होता. त्याचा फोन आला. "मॅडम, लोकेशन पे हूं. ये पिशवी क्या होता है?"