आतड्याच्या ट्यूमरचं कल्चर (लॅबमध्ये जिवंत ठेवलेल्या पेशी) दोन-तीन दिवसांत मरतं, औषध टेस्ट करायला वेळच मिळत नाही. कोणतं मीडियम (पेशींना पोसणारं द्रावण) वापरू?

मीडियमचं शेवटी सांगते, कारण तुमचा प्रॉब्लेम मीडियमचा नाहीये असं मला ठाम वाटतं. तुम्ही पूर्ण मेसेजमध्ये कंपन्यांची नावं लिहिलीत, ग्रोथ फॅक्टर (पेशी वाढवणारी प्रोटीन) लिहिलेत, पण तुकडा ओटीतून (ऑपरेशन थिएटर) निघून तुमच्या हुडमध्ये (निर्जंतुक हवेचं कामाचं कपाट) येईपर्यंत कुठे पडून होता याबद्दल एक ओळ नाही.

मी हेच काम केलंय. आमचे सिनियर म्हणायचे टिश्यू आणणं अटेंडंटचं काम, तू प्रोटोकॉल बघ. आणि सॅम्पल यायचे कसे, तर कधी कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून, सर्जरी संपेपर्यंत ट्रेवर पडलेले, एकदा तर सरळ फॉर्मालिनमध्ये. फॉर्मालिनमध्ये गेलं की विषय संपला, प्रोटीन जखडली जातात, पेशी मेल्या. त्यात सिस्टरची काही चूक नाही, तिच्याकडचा प्रत्येक स्पेसिमेन फॉर्मालिनमध्येच जातो, आमच्याकडून तिला कुणी सांगायलाच गेलं नव्हतं. मग मीच बर्फाचा डबा आणि अँटिबायोटिक घातलेल्या थंड मीडियमच्या ट्यूब घेऊन ओटीबाहेर उभी राहायला लागले. पॅथॉलॉजीच्या मॅडम आधी हात लावू देईनात आणि ते बरोबरच होतं, मार्जिन (कडेला कॅन्सर उरलाय का) आणि स्टेजिंग (तो किती पसरलाय) बघणं पेशंटसाठी आहे, आपला नंबर त्यानंतर. पण हळूहळू त्यांनीच शिकवलं की मधला पांढुरका मऊ भाग घेऊ नकोस, तो आधीच मेलेला असतो, कडेचा घे, आणि कुठली कड त्यांना स्वतःला लागते तेही दाखवलं. त्यानंतर आमची कल्चर टिकायला लागली. मीटिंगमध्ये श्रेय मिळालं नवीन आर-स्पाँडिनला, म्हणजे मीडियममधल्या एका ग्रोथ फॅक्टरला! त्याच लॉटवर (बॅचवर) आधीचे सॅम्पल मेले होते, रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं, मी दाखवलं तरी कुणी पाहिलं नाही. याचा मला अजून राग आहे.

सर्जन रक्तवाहिनी बांधतो तेव्हापासूनच टिश्यूचा ऑक्सिजन बंद होतो, म्हणजे तुमचं घड्याळ तुकडा हातात यायच्या आधीच सुरू झालेलं असतं. शिवाय आतडं म्हणजे बॅक्टेरियाचं घर, त्यामुळे अँटिबायोटिक आणि अँटिफंगल घातलेल्या थंड पीबीएसने (पेशींना चालणारं खारं पाणी) पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं, कंटाळा करायचा नाही.

आता साइज. ऑक्सिजन टिश्यूत साधारण 100-200 मायक्रॉनच आत जातो, मग मिलिमीटरचे तुकडे टाकून मीडियम कितीही भारी आणलं तरी मधला भाग मरणारच. व्हायब्रेटोमवर (थरथरत्या पात्याने ताज्या टिश्यूचे पातळ काप काढणारं मशीन) 250-300 मायक्रॉनचे स्लाइस काढून इन्सर्टवर (खालून मीडियम आणि वरून हवा लागेल असा सच्छिद्र पडदा) ठेवले तर काही दिवस तग धरतात, आणि त्यात स्ट्रोमा (ट्यूमरभोवतीची आधार देणारी टिश्यू), इम्यून पेशी पण असतात. इम्यूनोथेरपीची औषधं बघायची असतील तर हाच रस्ता, नुसत्या एपिथेलियल ऑर्गनॉइडमध्ये (ट्यूमरच्या अस्तर-पेशींपासून जेलमध्ये वाढवलेले बारीक गोळे) त्या इम्यून पेशी उरत नाहीत. पण बऱ्याच औषधांचे बरेच डोस लावायचे असतील तर ऑर्गनॉइडच करा, ते वाढवता येतात, फ्रीज करून ठेवता येतात.

मीडियम म्हणाल तर 2009 मध्ये युट्रेक्टच्या क्लेव्हर्स लॅबने आतड्यासाठी दिलेला ईजीएफ, नॉगिन, आर-स्पाँडिन या तीन प्रोटीनचा पायाच ऑर्गनॉइडसाठी आजही चालतो, सुरुवातीला रॉक इनहिबिटर (सुट्या झालेल्या पेशी मरू नयेत म्हणूनचं रसायन) घाला. एपीसी जीनमध्ये म्युटेशन असलेल्या ट्यूमरला बहुतेक वेळा बाहेरून विंट (वाढीचा सिग्नल देणारं प्रोटीन) आणि आर-स्पाँडिन लागत नाही, उलट ते काढलं की नॉर्मल क्रिप्ट (आतड्याच्या अस्तरातले निरोगी खळगे) मागे पडतात आणि ट्यूमरच वाढतो. नाहीतर नॉर्मल पेशी वाढवून त्यावरच औषध टेस्ट करत बसाल, म्हणून मूळ ट्यूमरशी हिस्टॉलॉजी (मायक्रोस्कोपखालची रचना) आणि म्युटेशन जुळवून बघाच.

एक राहिलं, पेशंटचे नातेवाईक रिपोर्ट मागायला लागले तर जपून. 2018 च्या लंडनच्या अभ्यासात ऑर्गनॉइडने औषध चालणार नाही म्हटलं तिथे 100 टक्के आणि चालेल म्हटलं तिथे 88 टक्के बरोबर निघालं, पण पेशंट थोडे होते. आणि अशा टेस्टवरून केमो ठरवायची नाही, ट्रायलमध्येच वापरा, असं अमेरिकेच्या ॲस्कोने (कॅन्सर डॉक्टरांची संघटना) 2011 मध्ये सांगितलं होतं. माझा अनुभवही आतड्यापुरताच, ब्रेस्ट-लंगचं गणित वेगळं असेल. एथिक्स कमिटी आणि कन्सेंट तुमच्याकडे असेलच असं धरते.

तेव्हा नवीन मीडियमची ऑर्डर टाकायच्या आधी गाइडकडून ओटीत जायची परवानगी घ्या. ते अटेंडंटला पाठव म्हणाले तर रक्तवाहिनी बांधल्याची वेळ, तुकडा बाहेर आल्याची वेळ, हुडमध्ये आल्याची वेळ असा तक्ता प्रत्येक सॅम्पलचा ठेवा आणि शेजारी जगलं की मेलं ते लिहा. तो कागद लॅब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठेवा.