स्पावाली खोली घ्यावी का?

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षं होतील. मुंबईतल्या एखाद्या पंचतारांकित हॉटेलात दोघांना एक रात्र राहायला पाठवायचं आम्हा भावंडांच्या मनात आहे. ‘स्पा रूम’ नावाच्या खोल्या दिसतात, पण भाडं साध्या खोलीपेक्षा बरंच जास्त. आईला बीपीच्या गोळ्या चालू आहेत, बाबांचा उजवा गुडघा बदललेला आहे. एवढे पैसे घालावेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी हॉटेलला फोन करून विचारा, मसाज खोलीतच होणार का? मी हॉटेलांत आधी हाउसकीपिंग आणि नंतर स्पा सांभाळला. काही खोल्यांत खरोखर मसाजची वेगळी जागा आणि स्वतःचं स्टीम, म्हणजे वाफेची खोली, असतं. पण पुष्कळ ठिकाणी मोठा टब, डोक्यावर रुंद शॉवर, सुगंधी मीठ आणि पलंग-न्हाणीघर यांच्यामध्ये काचेची भिंत, एवढ्यावरच जादा भाडं लावतात. तसं असेल तर घेऊ नका. त्या काचेला पडदा आहे ना, तेही विचारा. आपल्या आई-बाबांच्या पिढीला त्या काचेचा फार संकोच वाटतो, आणि तो मी नेहमी पाहिला आहे.

बाबांसाठी टब नकोच. गुळगुळीत कड ओलांडून आत उतरायचं आणि ओल्या पायांनी बाहेर यायचं, हे बदललेल्या गुडघ्याला धोक्याचं आहे. उंबरा नसलेला शॉवर, बसायला स्टूल आणि भिंतीला धरायचा दांडा असलेली खोली मागा. दिव्यांगांसाठीच्या खोल्यांत हे सगळं असतं, आणि ती मागायला लाजू नका.

आईंचं आणखी जपायला हवं. सॉनात, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत, हवा कोरडी, पण 70 ते 90 अंशांची. स्टीममध्ये तापमान पन्नासच्या आतबाहेर असलं तरी हवा वाफेने भरलेली, त्यामुळे घाम वाळत नाही. दोन्हींत रक्तवाहिन्या सैलावतात, त्यात बीपीची गोळी घेतलेली असली की उठताना दाब एकदम उतरून चक्कर येते. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय दोन्ही टाळा. कोमट तेलाचा हलका मसाज बहुतेकांना मानवतो, तोही डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि तो झाल्यावर त्यांना पाच मिनिटं बसूनच राहू द्या.

मुंबईत ही हौस जुनी आहे. 1903 साली कुलाब्याचं ताज उघडलं तेव्हा तिथे विजेचे दिवे होते, जर्मन लिफ्ट होत्या आणि तुर्की स्नानगृहंही होती. आजही चांगल्या हॉटेलात खरी सोय स्पाच्या मजल्यावरच असते, आणि तिथले पोहण्याचा तलाव, स्टीम, सॉना राहणाऱ्या पाहुण्यांना बहुधा वेगळे पैसे न देता वापरता येतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : साधी, शांत, लिफ्टपासून दूरची खोली घ्या आणि वाचलेल्या पैशांत दोघांसाठी तासाभराचा अभ्यंग आधीच ठरवा. आईंना बाई थेरपिस्ट आणि बाबांना पुरुष, हे नोंदवतानाच सांगा. गुडघ्याचं आणि बीपीचंही तेव्हाच सांगा, कारण चांगली थेरपिस्ट त्याप्रमाणे हाताचा जोर ठरवते. संगमरवरापेक्षा तिच्या हातांचे पैसे सार्थकी लागतात.

भाडं पाहताना लक्षात ठेवा : रात्रीला 7,500 रुपयांपुढच्या खोलीवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो.

प्रश्न : एका हॉटेलच्या जकुझीजवळ क्लोरीनचा उग्र वास येत होता. म्हणजे पाणी स्वच्छच ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : उलट. क्लोरीनचा घाम, तेल, लघवी यांच्याशी संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. तो उग्र वास त्यांचा, डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळेच. नीट राखलेल्या पाण्याला जेमतेम वास येतो. पाणी 40 अंशांपेक्षा गरम नसावं. तिथल्या कर्मचाऱ्याकडे क्लोरीन आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी, ते सांगणारा आकडा) यांच्या तपासणीची वही मागा. पीएच 7.2 ते 7.8 च्या दरम्यान हवा. वही दाखवायला टाळाटाळ झाली, तर पाय बुडवू नका.